ता.क. खून तूच केलास

रात्री जेवणं आटोपली की मराठी मध्यमवर्ग दाराची कडी दोनदा तपासतो. आणि मग निर्धास्तपणे टीव्हीवर खून बघत बसतो.

दोन भाग संपले की पडद्यावर एक गृहस्थ हमखास येतात. किंचित वाढलेली दाढी, मागे पुस्तकांचं कपाट. 'मी त्याला तुरुंगात कितीतरी वेळा भेटलो,' असं सांगतात. आवाजात थोडी हळहळ, बराचसा अभिमान. ते पत्रकार असतात.

आरोपीला भेटायला वकीलही जातो. पण वकील फी आधी सांगतो.

पत्रकार म्हणतो, तुझी बाजू जगासमोर यायला हवी. कोठडीतल्या माणसाला याहून गोड काय वाटणार? बायको येईनाशी झालेली, भाऊ फोन उचलत नाही, आणि इथे एक शिकलासवरलेला माणूस वही उघडून बसलाय. जन्मात कुणी इतकं मन लावून ऐकलेलं नसतं. ऐकलं असतं तर कदाचित ही वेळच आली नसती, असं म्हणायला पत्रकारही मोकळा.

या धंद्याचा नमुनेदार किस्सा अमेरिकेतला. १७ फेब्रुवारी १९७०, नॉर्थ कॅरोलिनातला फोर्ट ब्रॅग हा लष्करी तळ. डॉ. जेफ्री मॅकडोनाल्ड यांच्या घरात त्यांची गरोदर बायको आणि दोन लहान मुली मेलेल्या सापडल्या. डॉक्टर म्हणाले, हिप्पी आले आणि त्यांनी मारलं. लष्करी चौकशीत डॉक्टर सुटले, कॅलिफोर्नियात जाऊन पेशंट तपासू लागले. सासऱ्यांनी मात्र त्या चौकशीचे कागद ओळ न् ओळ वाचले, जावयावरचा त्यांचा विश्वास उडाला आणि ते वर्षानुवर्षं मागे लागले. नऊ वर्षांनी खटला उभा राहिला.

सासऱ्यांनी कागद वाचले. लेखक थेट राहायला गेला.

जो मॅकगिनिस त्याचं नाव. जाहिरातवाल्यांनी १९६८च्या निवडणुकीत निक्सन कसे विकले, यावर पुस्तक लिहून तो गाजलेला. विकण्याची कला त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. करार असा: पुस्तकाच्या पैशात आरोपीचा वाटा, आणि लेखकाला बचावपक्षाच्या गोटात मुक्त प्रवेश. खटला चालू असताना तो वकिलांच्या फौजेबरोबर एकाच घरात राहिला, एकाच टेबलावर जेवला. कागदोपत्री बचावपक्षाचाच माणूस झाला.

ऑगस्ट १९७९. ज्यूरी म्हणाली, दोषी. तीन जन्मठेपा.

मग सुरू झाली पत्रं. लेखकाकडून तुरुंगात. सूर असा की, मित्रा, केवढा हा अन्याय, ज्यूरीला दिसलं कसं नाही, धीर धर. तिकडून डॉक्टर आपल्या आयुष्याच्या टेपा भरभरून पाठवताहेत. इकडे लेखक त्या टेपांवरून प्रकरणं पाडतोय. १९८३ साली 'फेटल व्हिजन' बाजारात आलं. त्यात डॉक्टर कोण? बायकापोरांचा काटा काढणारा, स्वतःच्याच प्रेमात बुडालेला मनोविकृत. आरोपीला हे कळलं कधी? टीव्हीच्या मुलाखतीत माइक वॉलेसनं उतारे वाचून दाखवले तेव्हा.

चार वर्षं पत्रव्यवहार, आणि मुद्द्याची गोष्ट ताज्या कलमात.

त्या गरोदर बाईचं नाव वर मी लिहिलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. कोलेट.

असो. डॉक्टरांनी तुरुंगातून दावा ठोकला. लेखकानं मला फसवलं! १९८७ साली सहा जणांची ज्यूरी बसली. एका बाजूला तीन खुनांची शिक्षा भोगणारा कैदी, दुसऱ्या बाजूला नामवंत लेखक. सहांपैकी पाच जणांचा कौल कैद्याकडे झुकला. एकमत होईना, म्हणून खटला बारगळला आणि अखेर सव्वातीन लाख डॉलरवर तडजोड झाली.

लेखकाच्या बाजूनं साक्षीला कोण? जोसेफ वॉम्बॉ, पूर्वाश्रमीचे पोलीस, नंतरचे खपाऊ कादंबरीकार. त्यांनी कोर्टाला समजावलं की खोटं बोलणं वेगळं आणि सत्य नसलेलं बोलणं वेगळं. आपल्याकडे धर्मराजानं हा प्रयोग 'नरो वा कुंजरो वा' म्हणून केला, तर त्याचा रथ चार बोटं खाली आला. तिकडे रथाचा प्रश्न नव्हता. पुस्तक आधीच खपलेलं होतं.

डॉक्टरांची कीव येतेय? थांबा. त्यांनीही लेखक काही ज्ञानेश्वरी सांगायला पाळला नव्हता. त्यांना छापील निर्दोषपणा हवा होता, वर रॉयल्टीही. दोघंही गळ टाकून बसलेले, आणि दोघांनाही वाटत होतं की मासा पलीकडे आहे.

जॅनेट माल्कम या पत्रकार बाईंनी हे सगळं १९८९मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये मांडलं, आणि सुरुवातीलाच सगळ्या पत्रकारजमातीला झोडपून काढलं. जमात खवळली. मग लोकांना आठवलं की खुद्द बाईंवरच एका मानसतज्ज्ञानं १९८४पासून दावा लावलाय. माझ्या तोंडी भलतीच वाक्यं घातली, अशी त्याची तक्रार. १९९४मध्ये बाई जिंकल्या. तोवर दहा वर्षं कोर्टात गेली.

ज्याचं जळतं त्याला कळतं. आणि तोच त्यावर छान लिहितो.

अमेरिकन लेखक ट्रुमन कपोटींचं काय सांगावं? १९५९मध्ये कॅन्ससच्या एका शेतघरात एकाच कुटुंबातले चार जण मारले गेले. कपोटी दोन्ही मारेकऱ्यांचे जिवाभावाचे झाले, पत्रं लिहीत राहिले. एकच अडचण होती. फाशी झाल्याशिवाय पुस्तकाला शेवट नव्हता, आणि अपिलं संपता संपत नव्हती. मित्राच्या अपिलावर इतक्या अस्वस्थपणे डोळा ठेवणारा मित्र विरळाच. फाशी झाली एप्रिल १९६५मध्ये. कपोटी हजर होते. 'न्यूयॉर्कर'मध्ये पहिला भाग आला सप्टेंबरात. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात त्यांनी पाचेकशे पाहुण्यांना मुखवटे घालून नाचवलं.

मुखवटे! निदान त्या रात्री तरी सगळ्यांना दिसणारे.

हे झालं साहेबांकडचं. आपल्याकडे आरोपी पत्र लिहीत नाही. फोन करतो.

मुंबईच्या क्राइम रिपोर्टरांच्या एका पिढीची कारकीर्द परदेशातून येणाऱ्या फोनांवर उभी राहिली. भाईला प्रतिस्पर्ध्याची उणीदुणी छापून हवीत, रिपोर्टरला पहिल्या पानावर नाव हवंय. गुण्यागोविंदानं चाललं होतं. मग ११ जून २०११ रोजी पवईत भरदिवसा पत्रकार ज्योतिर्मय डे यांना गोळ्या घातल्या गेल्या. सरकार पक्षाचं म्हणणं असं की डे यांचं आपल्याविषयीचं लिखाण डॉन छोटा राजनला झोंबलं होतं. २०१८मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्यानं पत्रकारांना फोन करून जे सांगितलं होतं, तेही या खटल्यात पुरावा म्हणून आलं. त्याच खटल्यात एक महिला पत्रकारही आरोपी होती. ती निर्दोष सुटली. तोवर तिचे महिनोन् महिने तुरुंगात गेले होते.

ती आत असताना तिची बाजू ऐकायला कितीजण वही घेऊन गेले? बातम्या मात्र भरपूर.

आता तर मधला माणूसही नको झालाय. खुनाच्या आरोपी इंद्राणी मुखर्जींवरची मालिका २०२४मध्ये आली, चार भागांची, खुद्द इंद्राणींसह. खटला चालू होता. सीबीआय मुंबई उच्च न्यायालयात गेली, म्हणाली, थांबवा. मग प्रदर्शनाआधी न्यायमूर्तींना ती मालिका दाखवावी लागली. त्यांना त्यात आक्षेपार्ह काही आढळलं नाही. वाट पाहायला न लागलेले प्रेक्षक ते तेवढेच.

पण या सगळ्यांचा गुरू चार्ल्स शोभराज. मॅकडोनाल्डनं वाट्याचा करार केला, यानं पत्रकाराकडूनच वसुली केली. दिल्लीच्या तुरुंगातून आपल्या आयुष्याच्या गोष्टीचे हक्क विकले. रिचर्ड नेव्हिल आणि ज्युली क्लार्क या जोडप्यापुढे खुनांची वर्णनं केली, आणि पुस्तक आल्यावर म्हणाला, छे, मी कुठे काय म्हणालो? १९९७मध्ये सुटून पॅरिसला गेला, तिथे मुलाखतींचे पैसे लावले. लोकांनी मोजले.

याला दोनदा कुणी पकडलं? मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडेंनी. १९७१मध्ये मुंबईत, आणि तिहारच्या पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो पळाल्यावर एप्रिल १९८६मध्ये गोव्यात, पर्वरीच्या 'ओ कोकेरो' हॉटेलात. पळणाऱ्यावर पुस्तक आलं १९७९ साली. पकडणाऱ्यावर सिनेमा यायला २०२५ उजाडलं.

झेंडेंचा दोष उघड आहे. त्यांना रहस्यमय हसता येत नव्हतं.

'ओ कोकेरो'वाल्यांनी त्या अटकेची आठवण म्हणून पुढे हॉटेलात एक पुतळा बसवला. टेबलाशी ऐटीत बसलेला, माणसाएवढा. झेंडेंचा? काहीतरीच काय! शोभराजचा.

पुतळा मुलाखतीचे पैसे मागत नाही, एवढंच काय ते बरं.