डेपोबाहेरचा पार्ट

कॉर्क, आयर्लंड
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णा आणि सौ. आईस,


फराळाचं पार्सल पोचलं. चकल्यांचा चुरा झाला होता, पण चुरा चमच्यानं खाता येतो, असं म्हणत सासूबाईंनी पहिल्याच दिवशी अर्धा डबा संपवला. पाऊस चालू आहे. इथले लोक त्याला पाऊस म्हणतात, आपणही म्हणायचं. पोलादपूरकराच्या दृष्टीनं हे नुसतं सडा घालणं आहे.

अण्णा, तुम्ही फोनवर म्हणालात, "लॅपटॉपचं काय केलंत ते कागदावर लिहून पाठव, फोनवरचं माझ्या ध्यानात राहत नाही." म्हणून हे सविस्तर. मी मे महिन्यात तुमच्याकडं ठेवून आले त्या लॅपटॉपचंही हेच करायचं आहे. पण आमच्यासारखं नका करू.

आमचा लॅपटॉप २०१६ चा. सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला ते साल, तुम्हाला पक्कं आठवेल. यंदा १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची मुदत संपली आणि विंडोज ११ ला आमचा प्रोसेसर जुना पडतो. तुमच्या भाषेत सांगायचं तर गाडी टकाटक पळते आहे, पण पासिंग मिळत नाही. (युरोपात आणखी वर्षभर अपडेट फुकट मिळतात, हे आम्हाला नंतर कळलं. हे म्हणाले, "आता घातलंय ना, मग झालं तर.") विंडोजच्या जागी घातलं ते लिनक्स मिंट. मिंट म्हणजे पुदिना म्हटल्यावर सासूबाईंनी "मग चटणीचं काय?" असं विचारलं. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या एका फ्रेंच माणसानं, क्लेमाँ लफेव्रनं, ते २००६ साली सुरू केलं. त्यामुळं हे त्याच्याबद्दल आता भावकीतला असल्यासारखं बोलतात. मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं. आमच्याकडं आली ती २२.२, 'झारा'. सासूबाईंना दोन दिवस वाटत होतं की लॅपटॉप दुरुस्त करायला कुणी झारा नावाची बाई येणार आहे.

झारा शहाणी निघाली. वायफाय, प्रिंटर, आवाज, सगळं पहिल्या झटक्यात. फायरफॉक्स ब्राउझर आतच बसवलेला. रात्री साडेआठला सासूबाईंनी मालिका लावायला सांगितली. ती ज्या साइटवर लागते तिचं नाव लिहीत नाही. पडदा काळा. वर कसलीशी बारीक पट्टी आली, ती जाहिरात समजून यांनी फुलीवर टिचकी मारून घालवली. ही पट्टी लक्षात ठेवा. मग हे कमरेवर हात ठेवून म्हणाले, "याला क्रोमच लागणार."

आणि क्रोम मिंटमध्ये नसतो.

का नसतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर समजेल. तुमच्या महाड एसटी डेपोचं स्टोअर आठवा. ब्रेकचं लायनिंग लागलं तरी आधी चिठ्ठी, मग वहीत नोंद, आणि माल यायचा पेणच्या वर्कशॉपकडून. रस्त्यावरच्या दुकानात तोच पार्ट मिळाला तरी तुम्ही हात लावत नव्हता. आंबेनळी घाट उतरताना लायनिंग कुणाचं आहे हे ठाऊक असलेलं बरं, म्हणायचात. लिनक्सलाही असंच स्टोअर असतं. त्यात हजारो वस्तू असतात, बहुतेक फुकट. बहुतेक वस्तूंचा मूळ नकाशा उघडा असतो, स्टोअरवाले त्यावरून माल स्वतः घडवतात आणि वर आपली डिजिटल सही ठोकतात. सही जुळली नाही तर लॅपटॉप माल उतरवूनच घेत नाही. क्रोमचा पुरा नकाशा गूगल देत नाही, सीलबंद डबा देतं. म्हणून तो स्टोअरला नाही. भांडण वगैरे काही नाही, नियमात बसत नाही इतकंच.

नावावरून भांडण मात्र एकदा खरंच झालं होतं. डेबियन म्हणून एक जुनं लिनक्स आहे, मिंटचं आजोळ. फायरफॉक्समध्ये फेरफार करायचे तर आम्हाला विचारा, नाहीतर आमचं नाव लावू नका, असं मोझिलानं सांगितलं. डेबियनवाले हट्टी. २००६ साली त्यांनी तोच ब्राउझर 'आइसवीझल' म्हणून द्यायला सुरुवात केली. आगीचा कोल्हा नाही तर बर्फातलं मुंगसासारखं जनावर घ्या! गाडी तीच, पाटी बदललेली. २०१६ मध्ये समेट झाला आणि जुनी पाटी परत लागली.

तर, क्रोम नाही म्हणून यांनी स्टोअरातून क्रोमियम घेतला. क्रोमचाच हा सख्खा भाऊ. याचा नकाशा गूगलनं २००८ पासून उघडा ठेवलेला आहे. यातही एक गंमत आहे. मिंटचा बराचसा माल उबंटूच्या मोठ्या स्टोअरातून येतो. तिथं २०२० मध्ये क्रोमियम मागितला की हातात रिकामा खोका यायचा, आणि तो खोका तुम्हाला न विचारता 'स्नॅप' नावाच्या दुसऱ्याच दुकानात पळून माल घेऊन यायचा. मिंटवाले चिडले आणि तेव्हापासून क्रोमियम स्वतःच बांधतात. असा तत्त्वाचा माल आम्ही बसवला आणि मालिका लावली. काळा पडदा. मालिकेच्या चित्राला कुलूप असतं, त्याची किल्ली 'वाइडवाइन' नावाची, गूगलची. ती क्रोमियमच्या डब्यात येत नाही. सासूबाई म्हणाल्या, "आवाज तरी लाव. सुनेचं काय झालं तेवढंच ऐकते."

रात्री दहाला हे क्रोम आणायला निघाले. सर्चमध्ये नाव टाकलं तर सगळ्यात वर जाहिरात, कुठल्या तरी भलत्याच पत्त्याची. मी हात धरला म्हणून वाचलं. गूगलच्या घरच्या पानावर गेलो, तर तिथं डेब पाहिजे की आरपीएम, असा प्रश्न. यांनी आरपीएम घेतलं. का? तर मोटरच्या स्पीडसारखं वाटलं! ते मिंटला चालत नाही, फेडोरा वगैरे मंडळींचं असतं. आपल्याला डेब. डेब म्हणजे डेबियन, आणि डेबियन म्हणजे डेब्रा अधिक इयान: इयान मर्डॉक नावाच्या पोरानं १९९३ साली मैत्रिणीचं आणि स्वतःचं नाव जोडलं. आपल्याकडं टेम्पोच्या मागं रंगवतात तसं. मग फाइलच्या शेपटाला 'एएमडी६४' दिसलं आणि हे पुन्हा अडले, "आपलं तर इंटेल आहे." चालतं. ६४ बिटांची ही पद्धत आधी एएमडीनं काढली, मग इंटेलनं उचलली, नाव पहिल्याचं राहिलं.

आता त्या फाइलवर दोनदा क्लिक केलं, पासवर्ड दिला, की काम संपतं. पण यांनी व्हिडिओत पाहिलं होतं की जाणकार लोक काळ्या खिडकीत हुकूम लिहितात. लिहिला. उत्तर आलं, असं पॅकेज सापडत नाही. पुन्हा लिहिला. सापडत नाही. फाइल समोर लोळते आहे आणि मशीन म्हणतं सापडत नाही! पाऊण तासानं उलगडा झाला: नावाच्या आधी एक टिंब आणि एक तिरकी रेघ लागते. ती नसेल तर मशीन स्टोअरात शोधत बसतं. ती घातली की त्याला कळतं, अहो, दुकानात काय बघताय, माझ्या पिशवीतच आहे. टिंब आणि रेघ. एवढ्यासाठी बारा वाजले.

क्रोम बसला. बसताना त्यानं स्टोअरच्या वहीत गूगलचा पत्ता आणि सहीचा नमुनाही नोंदवून टाकला, म्हणजे पुढची अपडेट बाकीच्या मालाबरोबर आपोआप. मालिका लागली. सासूबाई झोपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर आमच्या धाकटीनं आजीसाठी फायरफॉक्सच उघडला, तिला तोच माहीत. तीच साइट, तीच बारीक पट्टी वर. धाकटी दिसेल ते वाचते. पोह्याच्या पाकिटावरचंही वाचते. तिनं वाचलं: हे बघायचं तर डीआरएम चालू करावं लागेल. शेजारी बटण होतं. दाबलं. किल्ली फायरफॉक्सनं स्वतःच मागवून घेतली आणि मिनिटाभरात सून रडायला लागली, चित्रासकट.

हे स्वयंपाकघरात उभे राहून बराच वेळ भांडी पुसत होते. आधीच पुसलेली.

तेव्हा अण्णा, तुमच्या लॅपटॉपवर दादाचा मुलगा मिंट घालून देईल. त्यानंतर महाडला जाऊन कुणाकडून पेनड्राइव्हमधून क्रोम आणू नका, कितीही ओळखीचा असला तरी. आधी फायरफॉक्स उघडा. तो मराठीतही होतो, पट्ट्या वाचायला सोपं जाईल. वाचा मात्र. तरीही नडलंच तर स्टोअर, आणि तिथंही नसेल तर बनवणाऱ्याच्या घरच्या पानावरून डेब. आरपीएम नाही.

आईला सांगा, गुडघ्याचं तेल मिळालं की नाही ते कळव. काजूच्या झाडाची फांदी पत्र्यावर आली होती ती तोडली का?

तुमची,
बायो

ता. क. पार्सलात एक बरणी बिनचिठ्ठीची निघाली. हे म्हणाले, सही नसलेला माल आपण आता उघडत नाही, आधी पोलादपूरला विचारू. विचारायची गरज नाही. आंब्याचं होतं. संपलं.