चौदाशे जणांचं एकच बारसं

चि. पुतण्यास,


कुलवृत्तांताच्या फोटोंचं काम तू एका दुपारात उरकलंस आणि घराण्याच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘डन काका, सगळं एकसारखं केलंय’ असं जाहीर केलंस. त्यावर पटापट अंगठे उठले. एका आत्याने टाळ्या पाठवल्या, एका मामांनी गटाचा विषय सोडून गणपतीचा फोटो पाठवला. कौतुक चारचौघांत झालं, तेव्हा आभारही चारचौघांतच मानायला हवेत. म्हणून हे खुलं पत्र.

पहिलं प्रूफ हातात आलं आहे. रत्नागिरीच्या कोर्टात वकिली केलेले, पगडी-उपरण्यातले तुझे खापरपणजोबा ‘बी. ई. कॉम्प्युटर, सध्या वास्तव्य सॅन होजे, छंद ट्रेकिंग’ झाले आहेत. बडोद्याच्या शाखेतल्या एका करारी आजींच्या खाली ‘पोलीस खात्यातून निवृत्त, व्यायामाची आवड’ असं छापलंय. खरं सांगायचं तर ते शोभतंय. आणि गॉगल लावलेल्या तुझ्या स्वतःच्या फोटोखाली मजकूर आहे : ‘इ. स. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत वारले. निर्वंश.’ तुझ्या आईला अजून दाखवलेलं नाही.

तू नेमकं काय केलंस ते वाचकांनाही कळू दे, कारण घरोघरी तुझ्यासारखे मदतीला धावणारे पुतणे असतात. तू फोल्डर उघडलास. कंट्रोल आणि ए दाबून चौदाशेच्या चौदाशे फोटो निवडलेस. एफ टू दाबलंस. ‘फोटो’ असं टाइप केलंस आणि एंटर मारलंस. चार-दोन सेकंदांत ‘फोटो (१)’, ‘फोटो (२)’, ‘फोटो (३)’ अशी पलटण उभी राहिली. सगळे एका गणवेशात. दिसायला छान दिसतं, नाकारत नाही.

त्याआधी त्यांची नावं ‘शा३-पि०७-गुहागर-१९३८-…’ अशी होती. तुला ती गचाळ वाटली. शा म्हणजे शाखा, पि म्हणजे मूळपुरुषापासूनची पिढी, मग गाव, मग साल, मग फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे. वह्या हरवतात आणि याद्या फोटोंपासून सुटतात, म्हणून माहिती फाइलीच्या नावातच ठेवायची असं कुलवृत्तांताच्या समितीने ठरवलं होतं. एका नावात २५५ अक्षरचिन्हांपर्यंत जागा मिळते. डॉसच्या काळात आठ अक्षरं, टिंब आणि पुढे तीन अक्षरं एवढ्यात सगळा संसार करावा लागायचा. ती कोंडी १९९५ च्या विंडोजने फोडली. तीस वर्षांनी तू ती जागा वापरलीस ती ‘फोटो’ हे सांगायला. तो फोटो आहे हे कुणालाही दिसत होतं रे.

तू म्हणालास, “तारखेवरून परत लावता येतील की.” कुठल्या तारखेवरून? फाइलीच्या पोटात जी तारीख असते ती स्कॅनरने घातलेली. संगणकाच्या लेखी १९३८ चे आजोबा आणि परवाचं डोहाळजेवण एकाच आठवड्यातले आहेत. जे फोटो व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आले, त्यांच्या पोटातली माहिती तर वाटेतच गळते आणि दारात येतो तो आयएमजी, पाठवल्याची तारीख आणि डब्ल्यूए असलेला आकडा. म्हणजे आमच्याकडे होतं ते फक्त नाव.

मग म्हणालास, “अनडू करा.” एक्सप्लोरर उघडा असताना तू स्वतः कंट्रोल झेड दाबलं असतंस तर जुनी नावं परत आली असती. पण तू गुणी मुलगा, काम संपल्यावर संगणक बंद करून, बटण खाली करून गेलास. संगणकाची आठवण तेवढीच असते. शिवाय फोल्डर सामायिक ड्राइव्हवर होता. समितीच्या पाच जणांकडे पाच प्रती होत्या. ड्राइव्हने तुझं म्हणणं प्रमाण मानून चार घरांत इमानेइतबारे नावं बदलली. डोंबिवलीच्या तात्यांचा संगणक तेवढा बंद होता. त्यांनी तो रात्री कौतुकाने लावला, इंटरनेट जोडलं आणि पाचवा नमस्कार घालावा तशी तिथेही नावं गेली.

हे कमी पडलं म्हणून तू डीटीपीवाल्याला निरोप दिलास, “क्रमाने लावा, मजकुराच्या यादीशी जुळतं.” आकडे पडले ते त्या क्षणी पडद्यावर फोटो ज्या क्रमाने होते त्या क्रमाने, आणि पडद्यावर ते बदलल्याच्या तारखेने लावलेले होते, यादी शाखांप्रमाणे. त्यात २००१ च्या एक्सपीपासून एक्सप्लोरर आकडा आकड्यासारखा वाचतो, दोनानंतर तीन. बाकीचे पुष्कळ प्रोग्रॅम अजून एकेक अक्षर जुळवत जातात. त्यांच्या हिशेबात एकनंतर दहा येतो, दहानंतर शंभर, मग हजार, आणि दोनाची पाळी फार उशिरा. पुढे शून्यं लावून ‘०००१’ लिहिलं की हा घोळ होत नाही, हे शाळेच्या हजेरीपटाइतकं जुनं शहाणपण आहे. तू पत्ते आधी पिसलेस आणि मग डीटीपीवाल्याकडून कापून घेतलेस.

बाकीच्यांचीही नोंद घेतो, नाहीतर तुला एकट्यालाच धरलं असं होईल. कॅमेऱ्यातून निघालेला ‘डीएससी ०००१’ तसाच पाठवणारे नातेवाईक असतात. असे आमच्याकडे बरेच ०००१ आले. कऱ्हाडचा ‘ऱ्हा’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो सारखा आणि शोधताना सापडतो एकच, ही कुणाची करणी देव जाणे. आणि हा संगणक! नावात प्रश्नचिन्ह, तारका, तिरकी रेघ अशी नऊ चिन्हं तो चालवून घेत नाही. ‘कॉन’ ही तीन इंग्रजी अक्षरं फाइलीला नाव म्हणून दिलीत तर विंडोज आजही डॉसच्या काळाची आण घालून नकार देते. एखादी फाइल कायमची पुसायची तर ‘नक्की ना?’ म्हणून विचारते. पण चौदाशे नावं एकदम खोडताना तिने तुला एका शब्दाने विचारलं नाही. तिच्या दृष्टीने काही गेलंच नव्हतं.

घाऊक नामांतर हे पाप आहे असं मी म्हणत नाही. मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइजमध्ये पॉवररिनेम नावाचं साधन फुकट मिळतं. जुनं नाव डावीकडे, नवं उजवीकडे, आधी दाखवतं आणि मगच बदलतं. ‘शा३’ खटकत होतं ना? तेवढ्याच्या जागी सगळीकडे ‘शाखा ३’ करून बाकीचं नाव जसंच्या तसं ठेवता आलं असतं.

इथवर चेष्टा चालली. आता नाही चालत.

गुहागरच्या थोरल्या आत्या तुला आठवत असतील. फोटो डोळ्यांना लावून, चेहऱ्यावर बोट ठेवून त्या एकेकीचं नाव सांगायच्या आणि समितीतलं कुणीतरी शेजारी बसून ते फाइलीला द्यायचं. पुरुषांची नावं आम्हाला सातबाऱ्यावर मिळतात, शाळेच्या दाखल्यावर मिळतात, जुन्या वंशावळीत तर ओळीने मिळतात. बायकांची नाहीत. वंशावळीत त्यांच्या जागी नुसतं ‘भार्या’ असतं, फार तर सासरचं नाव. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं की माहेरची द्वारका त्याच दिवशी संपायची आणि उरायची ती कुणाची तरी रमा. ती द्वारका ठाऊक असणारं आमच्यात एकच माणूस उरलं होतं. आत्यांनी दोन्ही नावं सांगितली, माहेरचं गाव सांगितलं, कोण कितव्या बाळंतपणात गेली ते सांगितलं. आम्ही ते सगळं त्या नावांत कोंबलं. तुला जी नावं सर्वांत लांबलचक आणि वेडीवाकडी वाटली, ती ही होती.

आत्या आता नाहीत. त्यांना परत विचारता येणार नाही. कळतंय का तुला? त्या बायकांची नावं एकदा घराण्याने पुसली होती. म्हातारीने ती शेवटच्या श्वासापर्यंत सांभाळून आमच्या हवाली केली आणि तू एंटर मारून ती परत पुसलीस. आणि घराण्याने निदान प्रत्येकीला वेगळं नाव दिलं होतं. तू सगळ्यांना एकच दिलंस.

एवढं बोलून झालं, आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती टाळली तर हे पत्र खोटं ठरेल. ‘कामाला तरुण रक्त हवं’ असं गटावर सगळे लिहीत होते आणि त्यांतल्या एकाही घरातून तरुण रक्त आलं नाही. रविवारची सुट्टी सोडून आलास तो तू. स्कॅनर तूच आणलास. चेहऱ्यांवरचे बुरशीचे डाग तूच पुसलेस. तुझ्या कचेरीत फाइली एकसारख्या असल्या की साहेब खूष होतो, ते वळण घेऊन तू आमच्याकडे आलास. ज्यांनी बसल्या जागी अंगठे उठवले, ते आज मला खासगीत सांगताहेत की पोराने घोळ घातला. त्यांना मी उत्तर दिलेलं नाही. तुला शिव्या घालायचा हक्क तुझ्याबरोबर त्या खोलीत बसलेल्यांचा आहे, गणपती पाठवणाऱ्यांचा नाही.

तर आता काम. नाव बदललं तरी फाइलीचं पोट बदलत नाही. समितीतल्या कुणी मधल्या काळात जुन्या नावांनिशी काही फोटो ईमेलने कुणाला पाठवले असतील, तर त्या प्रती आणि आपल्या प्रती यांचा हॅश काढून जुळव. बिट न् बिट सारखी असली तर जोडी लागेल. हे तुला जमतं आणि आम्हाला जमत नाही. व्हॉट्सअॅपवरून गेलेले दाबून लहान झालेले असतात, ते असे जुळणार नाहीत. जे उरतील ते प्रिंट काढून गावोगाव न्यायचे. मी येईन, पायऱ्या चढायला तू ये. गुहागर, कऱ्हाड, बडोदा. प्रत्येक दारात जाऊन विचारायचं, “या कोण? माहेरच्या कोण?” पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळणार नाही. मिळेल ते तिथल्या तिथे लिहायचं, एकेका फोटोवर, एकेक नाव. तिथे कंट्रोल ए नाही.

कळावे, लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते पुढच्या प्रूफावर ठरवू.

तुझा,
काका

ता. क. : दुसऱ्या प्रूफात तुला जिवंत करायला डीटीपीवाल्याला सांगितलं आहे. तो म्हणतो, चौदाशेंत फोटो नेमका कुठला ते सापडत नाही. नवा पाठव. आणि नाव घालून पाठव.