एका वाराची अडचण

यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरील दोन रुळांतले अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट, न्हाणीघराच्या दाराएवढे. ब्रॉडगेजचे 1,676 मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. फरक तीन फुटांचा, म्हणजे एक वार. कापसाच्या जिल्ह्याची गाडी वारभर कापडाला अडली आहे. एका नऊवारीत असे नऊ फरक बसतात.

वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी इंग्रजी अमदानीत हा मार्ग घातला गेला. तिथून कापूस मँचेस्टरला जाई. मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेले वाफेचे इंजिन इकडे आले. या मार्गावरची गाडी ‘शकुंतला’ वाफेवर 15 एप्रिल 1994 पर्यंत चालली, मग डिझेल इंजिन लागले. यास आधुनिकीकरण म्हणतात. फाटकापाशी गाडी थांबे, कर्मचारी उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबे, तो फाटक उघडून येऊन चढे. डिझेलमुळे या विधीत फरक पडला नाही.

जुन्या यंत्राची सुधारणा पहिल्या दिवशी घेतलेल्या मापापाशी अडते. ज्याचे पंख जमिनीलगत आहेत अशा जुन्या विमानाला मोठ्या व्यासाचे इंजिन लावले, तर ते धावपट्टीला टेकू पाहते. म्हणून ते पुढे आणि वर सरकवतात, चाकांचे पाय लांबवतात, आणि मग विमानाचा तोलच बदलतो. शकुंतलेचेही तेच. डबा उंच केला तर वळणावर कलंडण्याची भीती, इंजिन जड घेतले तर हलक्या रुळांवर आणि जुन्या पुलांवर भार, वेग वाढवला तर दोन्ही. व्यासपीठावरून मात्र प्रश्न सोपा दिसतो: दोन्ही रूळ एकेक हात बाहेर सारले की झाले! त्या एका हातासाठी स्लीपर नवे, भराव रुंद, पूल नवे, वळणे सैल, फलाट मागे. जुने उरते ते फक्त स्टेशनचे नाव. तरी दर निवडणुकीला तोच हात उंचावून सांगितले जाते, की वारसाही जपू आणि वेगही वाढवू. असे सांगणाऱ्याने फूटपट्टी घेऊन मे महिन्यात भर दुपारी दारव्ह्याच्या रुळांत बसावे आणि अडीचात साडेपाच बसवून दाखवावेत. टाळ्या वाजवणाऱ्यांनी छत्री न धरता शेजारी उभे राहावे.

जिल्ह्यात ब्रॉडगेजची गाडी 2024 साली कळंबपर्यंत आली. ती वर्ध्याकडून आली, कोऱ्या भरावावरून, पहिल्या दिवसापासून साडेपाच फुटांची.