पाढे पाठ करवून घेण्याची शास्त्रोक्त पद्धत (पेण-रोहा आवृत्ती)

मुलाला पाढ्यांना कधी बसवावे, याबाबत पेण-रोह्यात दोन पंथ आहेत. आजी-आजोबांचा पंथ म्हणतो, बोबडे बोल फुटले की 'बे एके बे' सुरू. एनसीईआरटी सबुरीने घेते. तिच्या अध्ययन निष्पत्तींनुसार तिसरीतल्या मुलाला 2, 3, 4, 5 आणि 10 चे पाढे तयार करता यावेत आणि रोजच्या व्यवहारात वापरता यावेत. पालकांनी पहिल्या पंथापुढे मान डोलवावी आणि वागावे दुसऱ्याप्रमाणे.

पूर्वतयारी म्हणून मुलाला परिसराच्या थोर परंपरेची जाणीव करून द्यावी. पेण तालुक्यातल्या गागोद्यात 1895 साली जन्मलेल्या विनोबांना गणिताची विलक्षण गोडी होती. ज्यांचे बालपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. यावर "मग मी आता खेळायला जाऊ?" असा प्रश्न आला, की तयारी पूर्ण झाली असे समजावे.

पायरी पहिली : परवचा. वेळ दिवेलागणीची. पंतोजींच्या शाळेत 30 पर्यंतचे पाढे झाले तरी सुटका नसे. पुढे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे चक्क साडेतीनचा पाढा! यात छळाचा हेतू नव्हता. रुपयाचे आणे 16, माप शेराचे, त्यामुळे सगळा बाजार पाव-अर्ध्यात चाले. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे 100 नवे पैसे झाले, मागोमाग किलो आला आणि औटकी सेवानिवृत्त झाली. पेणच्या बाजारातल्या भाजीवाल्या मावशी मात्र 70 रुपये किलोच्या वांग्यांचे दीड किलोचे पैसे अजून तोंडी सांगतात. शिकवणी लावायचीच असेल, तर आधी तिथे चौकशी करावी.

पायरी दुसरी : प्रवास. पेणला दिवा-रोहा गाडीत बसावे. कासूपर्यंत सहाचा, नागोठण्यापर्यंत सातचा, निडीपर्यंत आठचा आणि रोहा येईतो नवाचा पाढा घ्यावा. मूल सुरात म्हणते, समोरच्या बाकावरचे काका कौतुकाने पाहतात, पालकांची छाती फुगते. नेमक्या अशा वेळी विचारावे, "सात आठे?"

मूल खिडकीबाहेर पाहत ओठ हलवू लागते. सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस... पॅसेंजरसारखे प्रत्येक स्टेशन घेत ते छप्पन्नला पोहोचते. पाढा चालीवर बसला आहे, पण मधूनच उचलता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. काकांकडे बघू नये.

पायरी तिसरी : खरा हिशेब. 10 पर्यंतच्या दहा पाढ्यांत 100 उत्तरे असतात. सात आठे आणि आठ साते एकच, हे कळले की 55 उरतात. एक आणि दहाचा पाढा कुणालाही येतो. ते वगळले की राहतात 36. मुलांचा आणि पाढ्यांचा छत्तिसाचा आकडा आहे तो असा! त्यातही सहा आठे आणि सात आठे इथेच घसरगुंडी जास्त. उपाय गावातच आहे. मुलाला गणपतीच्या कारखान्यात न्यावे. एका फळीवर आठ मूर्ती, अशा सात फळ्या, एकूण किती? मोजायला लागले तर मोजू द्यावे. तिसऱ्या फळीवर कंटाळून ते आपणच गुणाकार करते.

पायरी चौथी : दुभाषी. मूल इंग्रजी शाळेत असेल, तर ते "सेव्हन एट्स आर फिफ्टी सिक्स" म्हणते, आजी "छप्पन्न" म्हणते, आणि दोघांना वाटते समोरच्याचे चुकले. मराठी शाळेतही सगळे सरळ नाही. एकवीस लिहिताना दोन आधी, बोलताना एक आधी. म्हणून 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असेही वाचन आले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्याची बाजू मांडली, तरी वाद विधानसभेपर्यंत गेला. जर्मन लोकही 'एक आणि वीस' असेच म्हणतात, आणि 'वीस एक' म्हणू द्या अशी मागणी करणारी संस्था तिकडेही आहे.

पायरी पाचवी : परीक्षा. इंग्लंडमध्ये आठ-नऊ वर्षांच्या मुलांना 12 पर्यंतच्या पाढ्यांवर 25 प्रश्न विचारतात, प्रत्येकाला सहा सेकंद. हा प्रयोग घरी करू नये. आपल्याकडे परीक्षा घेण्याचे काम पाहुणे विनामूल्य करतात. तिसरीतल्या मुलाला कुणी थेट सतराचा पाढा विचारला, तर पाहुण्यांना आधी 29 चा म्हणायला सांगावे. चहा त्यानंतर ठेवावा.