गर्दी नाई पायजे, बाप्पा!

थीम पार्कला जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, शाळा सुरू असताना जा, दार उघडायच्या आधी पोचा, असं जाणते लोक सांगतात. त्यांनी आमचे आबा पाहिलेले नाहीत. आबा लग्नाला जातात मांडववाल्यांच्या बरोबरीनं आणि परततात नवरदेव पारावर असतानाच. अमरावतीची आत्या त्यांचीच बहीण. नवरात्रात अंबादेवीला रेटारेटी होते म्हणून ती पितृपक्षातच ओटी भरून येते. ‘‘देवी का क्यालेंडर पायते?’’

पोट्ट्यांना हवं होतं खोपोलीचं इमॅजिका. २०१३ साली उघडलेलं हे पार्क मुंबई-पुण्याच्या वाटेवर, म्हणजे अकोल्याच्या हिशेबानं परमुलखातच. मी बेत आखला: आत्या अमरावतीला अंबा एक्स्प्रेसमध्ये बसेल, आम्ही रात्री अकोल्याला चढू, पहाटे कल्याण, तिथून खोपोली लोकल.

‘‘कल्याणले उतरायचं?’’ आबा गादीवर उठून बसले. ‘‘तिथं मुंगीलेबी धक्का बसते!’’

रांग टाळायची तर जादा पैशांचं वेगळं तिकीट मिळतं, असं सांगून मी आगीत तेलच ओतलं.

‘‘रांगेत उभं न राहाचे पैसे? आन् उभं राह्यलो तं ते आपल्याले देतीन का?’’

यावर उत्तर नव्हतं. खोपोली बारगळली.

मग आत्यानं चिखलदरा काढला. उंची १११८ मीटर, थंड हवा, कॉफीचे मळे. खाली अकोला ४५ अंशांत भाजत असताना सगळं ऐकायला फार गोड. पण हाच विचार अख्खा वऱ्हाड करतो. पावसाळ्यातल्या रविवारी तर परतवाड्याहून वर गाड्यांची अशी माळ लागते की घाट पाहावा की पुढच्या गाडीचा नंबर पाठ करावा, कळत नाही. आबांना मात्र तिथलं धुकं पसंत होतं. ‘‘मानसं असली तरी दिसत नाईत.’’ पण धुक्यात पॉइंटही दिसत नाही, यावर पोट्टे अडून बसले.

शेवटी शेगाव ठरलं. अकोल्याहून गाडीनं जेमतेम पाऊण तास, म्हणून एकेक जण वाढत गेला. गर्दी नको म्हणणारे आम्ही फलाटावर मोजले तेव्हा १४ भरलो, डबे-पिशव्या वेगळ्या. वारही आबांनीच काढला होता. गुरुवारी भक्त, रविवारी नोकरदार, एकादशीला दोन्ही, म्हणून मंगळवार. पोट्ट्यांना लालूच आनंद सागरची. मधे काही वर्षं बंद राहून आता थोडं पुन्हा उघडलेलं हे उद्यान म्हणजे आमच्याकडचं पहिलं थीम पार्क म्हणायला हरकत नाही: तळं, तळ्यात ध्यानमंदिर आणि आत्याच्या आठवणीतली झुकझुकगाडी.

आधी दर्शन. मंगळवार असूनही रांग होतीच. मी आबांच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळत होतो. पण बसायला बाकं, डोक्यावर पंखे, आणि पांढऱ्या कपड्यातले सेवेकरी हात जोडून ‘माऊली, पुढं चला’ म्हणत होते. घरात आबांना कुणी हात जोडत नाही. ते मुकाट सरकत राहिले. शेजारच्या मूर्तिजापूरच्या म्हाताऱ्याशी कापसाच्या भावावर तर त्यांचं असं जमलं की नंबर आल्यावर जरा हिरमुसलेच. आत्या मला हळूच म्हणाली, ‘‘याले गर्दीचा नाई, धक्क्याचा राग हाये.’’ मलाही ते पटलं.

पटलं ते स्टेशनजवळच्या कचोरीच्या दुकानापर्यंत. तिथं ना रांग, ना माऊली. कढईत चपट्या कचोऱ्या तांबूस होत आलेल्या, काठाला बुडबुडे, बाजूला मीठ लावलेल्या तळलेल्या मिरच्यांचा ढीग, आणि भोवती तीन पदरी माणसं. झारा वर आला तसे आबा कोपर पुढे करून आत घुसले. थोड्या वेळानं बाहेर आले ते टोपी तिरकी, सदऱ्याचं एक बटण गायब, हातात तेलानं पारदर्शक झालेला पुडा.

‘‘दादा, एवढ्या गर्दीत कायले गेले?’’ आत्या म्हणाली.

‘‘गर्दी कायची वं?’’ आबा मिरचीचं देठ तोडत म्हणाले. ‘‘गरम घाणा निघाला होता.’’