उभी गाडी धावते आहे

फलाटावर घोषणा होते, 'गाड्या वीस मिनिटे उशिराने धावत आहेत.' समोर गाडी उभी. दारातले लोंबकळत उभे, आतले एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून उभे, सिग्नल लाल. आणि ध्वनिक्षेपकातली बाई सगळ्यांना धावायला लावते आहे. धावूनही उशीर झाला, हे एक वेळ समजतं. पण उभ्या उभ्या उशिराने धावायचं, ही करामत मराठीची नव्हे. आपली गाडी लेट असते, उशिरा सुटते, नाहीतर येतच नाही. ही घोषणा म्हणजे लुगडं नेसलेलं इंग्रजी 'रन' आहे, आणि पदर काही नीट बसलेला नाही.

हे 'रन' मोठं खटपटी क्रियापद. ऑक्सफर्डच्या महाकोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली वीस खंडांत निघाली, तेव्हा सर्वांत लांबलचक नोंद 'सेट'ची होती. पुढच्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने त्याला गाठलं आणि मागे टाकलं. पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार नऊ महिने या एकाच शब्दाला घेऊन बसले होते. तेवढ्या काळात आपल्याकडे घरात एक पाळणा हलतो. त्यांच्या पदरात 645 अर्थ पडले.

मुळात अर्थ साधा होता: दोन्ही पाय एकदम जमिनीला न टेकवता भराभर पुढे जाणं. मग इंग्रजांनी नाकाला पळवलं, नदीला पळवलं, कपड्याच्या रंगाला, अंगातल्या तापाला, छापखान्याला, कारखान्याला आणि शेवटी संगणकातल्या प्रोग्रामलाही. वाफेचं इंजिन आल्यावर तर काही विचारू नका. जे जे म्हणून फिरतं, ते सगळं त्यांच्याकडे धावायला लागलं.

आपल्याकडे यातलं जवळजवळ काहीच धावत नाही. नाक वाहतं, रंग जातो, ताप चढतो. उरलेलं सगळं चालतं. घड्याळ चालतं, गिरणी चालते, दुकान चालतं, नाटक चालतं किंवा पडतं. सरकारसुद्धा चालतं, आणि ते कोण चालवतं हा प्रश्न मराठी माणूस दर पाच वर्षांनी नव्याने विचारतो. राज्यकारभाराला तर आपण हाकतो. इंग्रजीच्या अंगाला कोळशाचा वास येत असेल, तर आमच्या क्रियापदाला अजून बैलाचा येतो.

चालण्याच्या शर्यतीचा एक नियम आहे. निदान एक पाऊल सतत जमिनीला टेकलेलं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पंच ताकीद देतात, आणि पुन्हापुन्हा तेच झालं तर बाहेर काढतात. मराठी क्रियापद हा नियम इमानाने पाळत आलं आहे. म्हणूनच की काय, चालू दुकान, चालू वर्ष, चालू खातं या सभ्य मंडळींच्या रांगेत आपण 'चालू माणूस'ही बिनदिक्कत बसवला. त्याचं एक पाऊल कायम जमिनीवर असतं. दुसरं कुणाच्या तरी पायावर.

बरं, आपल्याला धावता येत नाही असंही नाही. मदतीला धावतो, अंगावर धावून जातो, मंत्री धावती भेट देतात. न्यायालयातही आपण धावच घेतो, वर्तमानपत्रं रोज तसं छापतात. तिथे पोचल्यावर मात्र खटला चालतो. कधीकधी इतका चालतो, की धाव घेणारा दमून वर जातो आणि पुढचं चालणं नातवाच्या वाट्याला येतं.

क्रिकेटमध्ये तर धमालच. चौकार मारला की धावायचं नसतं, तरी चार धावा मिळतात. शेवटच्या षटकात फलंदाज धावा करतो, प्रेक्षक देवाचा धावा करतो, आणि सामना गेल्यावर दोन्ही कमी पडले असं ठरतं.

इंग्रजीत चोरही 'रन' आणि पोलीसही 'रन'. कोण कुठल्या दिशेने, ते सांगायला पुढे एखादी शेपटी जोडावी लागते. मराठीत पोलीस धावतो, चोर पळतो. मदतीला कुणी पळाला असं आपण सहसा म्हणत नाही; म्हटलंच तर ऐकणारा विचारतो, कुणाच्या? आणि पळण्यासाठी काय एकेक शब्द काढून ठेवलेत! धूम ठोकणे, पोबारा करणे, सूंबाल्या करणे, काढता पाय घेणे, पसार होणे, आणि अलीकडची कलटी मारणे. धावण्याला समानार्थी शब्द शोधा, हाताची बोटंही भरायची नाहीत. कोशात समाजाचं वळण उमटतं म्हणतात. कर्ज बुडवून परदेशी गेलेल्यांबद्दलच्या बातम्या या एका भांडारावर वर्षभर आरामात निघतील.

निवडणुकीचं काय? अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो, आणि वर्षभर करतो. ब्रिटनमधला उभा राहतो. आपलाही उभाच राहतो, पण आपण तिथे थांबत नाही. उभा राहिलेला अर्ज मागे घेण्याच्या दिवशी दुपारी बसतो. कुणी त्याला बसवतो, कुणी उभं करून पाडतो, आणि पडलेला काही महिन्यांत महामंडळाच्या खुर्चीत पुन्हा बसलेला दिसतो. उठणं, बसणं, पडणं एवढ्यात एक आख्खी लोकशाही मावली. धावायची गरज कुणालाच पडली नाही.

इतका ऐवज घरात असताना आता नवीन टूम निघाली आहे. ओळखीतल्या एक बाई पूर्वी शिकवणी चालवायच्या. आता 'क्लास रन करतात'. बाई त्याच, सतरंजी तीच, फी तेवढी धावली. त्यांचा भाऊ संस्था रन करतो, भावजय घर रन करते, आणि ऑफिसातला मुलगा सकाळपासून एक रिपोर्ट रन करतो आहे, खुर्चीवरून न हलता. परवा त्यांच्याकडे गेलो तर चहा नाही. का? 'दूध रन आउट झालंय.' डोळ्यांसमोर यष्ट्या उडाल्या, पंचाने बोट वर केलं आणि पातेलं मान खाली घालून तंबूत परतलं. मराठीत दूध संपतं. फार तर नासतं, उतू जातं. धावचीत होत नाही.

तुमच्याही घरी असं काही झालं असेल, तर कोपऱ्यावरचं दुकान रात्री दहापर्यंत चालू असतं.