चौकटीतला ठोकळा
विंडोजमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडा. ‘रीड-ओन्ली’समोरच्या चौकटीत ना बरोबरची खूण, ना रिकामी जागा, नुसता ठोकळा. म्हणजे हो की नाही? अगदी सरकारी उत्तर! तो काढा, अप्लाय करा, पुन्हा उघडा: ठोकळा हजर. गंमत म्हणजे ती चौकट फोल्डरसाठी नाहीच, आतल्या फायलींसाठी आहे. फोल्डरवर हा शिक्का विंडोज वापरते तो ‘याचं रूप खास आहे, डेस्कटॉप डॉट आयएनआय बघा’ एवढंच सांगायला. ॲट्रिब कमांडने तो पुसणाऱ्या शूराच्या हाती कधीकधी लागतं काय, तर सजावट उडालेला फोल्डर. खरा दरवान सिक्युरिटी टॅबमध्ये बसतो. तिकडे कोण फिरकतो? आणि हो, रीड-ओन्ली फायलीत स्वल्पविराम बदलायची सोय नाही. अख्खी फाइल मात्र खुशाल रिसायकल बिनमध्ये टाका.